ज्वारीच्या भाकरीनेपण शुगर वाढली, आता खाऊ तरी काय?

"मॅडम, काय खायचं नाही ते मला पाठ झालंय, खायचं काय तेवढं सांगा."

मुलुंडला आहार समुपदेशनाचं काम करते मी, आणि हे वाक्य थोड्याफार फरकाने सारखं ऐकते. आधी भात वाईट होता, मग गहू वाईट झाला, मग केळं, मग तेल, आणि तेल परत चांगलं झालं की साजूक तुपाचा नंबर. प्रत्येक गोष्टीच्या मागे एक 'रिसर्च' असतो आणि तो फॅमिली ग्रुपवर सकाळी सातच्या आत येतो. आपली शुगर बॉर्डरला आलीये हे ज्याला कळलंय त्याचं तर विचारूच नका, तो ताटाकडे बघतो ते परीक्षेच्या पेपरकडे बघावं तसं. त्यातलीच ही एक केस, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

स्वाती म्हणू तिला. वय ४२, विक्रोळीला कन्नमवार नगरात घर, बीकेसीत नोकरी, घरात नवरा, नववीतली मुलगी आणि सासूबाई. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीएवनसी ६.१ आलं. हे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देतं, ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटीस आणि ६.५ पासून पुढे डायबेटीस. रिपोर्टवर तो आकडा ठळक अक्षरात छापलेला होता आणि तिला तेवढाच दिसला. मग कुणीतरी सांगितलं की दंडावर तो शुगरचा सेन्सर लाव, सगळं मोबाईलवर दिसतं. लावला.

पहिल्या दोन दिवसांत भात गेला, मग पोहे, मग केळं, मग चपाती. ज्वारीची भाकरी तरी सेफ असेल म्हणून खाल्ली तर ग्राफ १५८ वर, म्हणून तीपण गेली. उरलं काय तर पनीर, काकडी, अंडी आणि मूठभर बदाम. ऑफिसात डबा सगळ्यांबरोबर उघडायची बंद झाली कारण कोणीतरी विचारणारच की आज पण पनीर का गं. गणपतीत सासूबाईंनी उकडीचे मोदक केले, हिने पानात एकच घेतला आणि हळूच नवऱ्याच्या पानात सरकवला, ते सासूबाईंनी बघितलं. त्या मला नंतर म्हणाल्या, "मी काय विष घालते का तिला?" घरात त्यावरून दोन दिवस अबोला.

आणि रात्री तीन वाजता मोबाईल वाजायचा. शुगर ५८! हिला घाम, उठून साखर खायची, मग ती वाढलेली बघून झोप नाही. पहिल्या भेटीत मी तिला विचारलं की सेन्सर कुठल्या हाताला आहे आणि तू झोपतेस कुठल्या कुशीवर. दोन्हीचं उत्तर डावा. हा सेन्सर रक्तातली शुगर थेट मोजत नाही, कातडीखाली पेशींच्या मधल्या जागेत जे पाणी असतं त्यातली मोजतो, त्यामुळे तो आधीच काही मिनिटं मागे असतो, आणि त्याच्यावर अंग टाकून झोपलं की तिथलं अभिसरण दाबलं जातं आणि आकडा खोटाच खाली येतो. ती आठवडाभर रात्री तीनला साखर खात होती ती कुशीपायी. ती हसली नाही यावर, रडली.

त्या भेटीत मी आहाराचं फारसं बोललेच नाही. तिच्या वडिलांना डायबेटीस होता, शेवटी पायाचं बोट काढावं लागलं होतं, आणि ड्रेसिंग हीच करायची, कॉलेजात असताना. ताटात भात दिसला की तिला ते बोट दिसायचं. अशा माणसाला 'एवढं टेन्शन नका घेऊ' सांगण्यात काही अर्थ नाही, मला तर ते वाक्यच आवडत नाही. भीती खरी होती, फक्त ती चुकीच्या गोष्टीला चिकटली होती.

तिचा प्रश्न सरळ होता, जेवल्यावर शुगर वर गेली म्हणजे आतून नुकसान होतंय ना? जेवल्यावर शुगर वर जाणारच, सगळ्यांची जाते. डायबेटीस नसलेल्या धडधाकट लोकांना सेन्सर लावून बघितलेत, २०१९ मध्ये अमेरिकेत अशा १५३ जणांचा अभ्यास झाला, तर दिवसातला साधारण ९६ टक्के वेळ त्यांची शुगर ७० ते १४० मध्ये होती, म्हणजे थोडा वेळ तर तीपण मंडळी १४० च्या वर होतीच. तू बॉर्डरवर आहेस तर तुझी जरा जास्त वेळ राहील. कायम वर राहणं आणि तासाभरासाठी वर जाऊन उतरणं हे दोन वेगळे प्रकार आहेत.

पटलं नाही तिला, चेहऱ्यावरून कळतं. मग मी म्हटलं सेन्सर अजून चालू आहे ना, मग तोच वापरू. दोन वेगवेगळ्या दिवशी, त्याच वेळेला, तेच जेवण घे, दोन चपात्या आणि मटकीची उसळ, वाटीने मोजून. एका दिवशी १३८ पर्यंत गेली, दुसऱ्या दिवशी १६१. तेच पीठ, तीच उसळ. दुसऱ्या दिवशी रात्री झोप कमी झाली होती आणि कुर्ल्याला रिक्षासाठी भांडण. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या लोकांनी हेच नीट करून बघितलंय, डायबेटीस नसलेल्यांना दाखल करून घेतलं आणि साधारण आठवड्याच्या अंतराने तेच जेवण पुन्हा दिलं, तर एकाच माणसाचे आकडे चांगलेच वेगवेगळे आले. मग एका दिवसाच्या १५८ वरून ज्वारीला कायमचं घराबाहेर काढणं हा ज्वारीवर अन्यायच नाही का. हे तिला पटलं, कारण तिच्याच मोबाईलमध्ये होतं.

"पण मी तर जाडी नाहीये मॅडम, मला का?" हा दुसरा प्रश्न, आणि हा आपल्याकडे फार लोक विचारतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन यांचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्या लोकांची ठेवण. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच सावध व्हायला सांगतात, आणि कंबर बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत, पुरुषांची ९०. स्वातीचं वजन ५७ होतं, कंबर ८४. आणि पनीर-काकडीच्या नादात वजन उतरून ५३ वर आलं होतं, त्यात कंबर फार हलली नव्हती, म्हणजे गेलं असेल ते बऱ्यापैकी स्नायूच, जे शुगर ओढून घेतात तेच. (अशा भीतीत वजन वेगाने घसरायला लागलं किंवा पाळी चुकायला लागली तर नवीन डाएट चार्ट मागत फिरू नका, मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. मी पाठवते अशा लोकांना, स्वातीला तितकी गरज लागली नाही.)

रिपोर्टची बाकीची पानं मी चाळली. हिमोग्लोबिन ९.८, म्हणजे बरंच कमी! त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. लोह कमी असल्यामुळे ॲनिमिया असेल तर एचबीएवनसी असतं त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. म्हणून तिला फिजिशियनकडे परत पाठवलं, त्यांनी ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती टेस्ट करायला लावली. उपाशीपोटी १०४, दोन तासांनी १४६. म्हणजे प्रीडायबेटीस होता, खोटा नव्हता, पण नुकताच उंबऱ्यावर पाय ठेवलेला. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. बायकांनी शुगरचा रिपोर्ट हातात आला की हिमोग्लोबिनची ओळ पण बघायची, प्लीज.

मग रिसर्चचं. मी तिला म्हटलं, तुला रिसर्चच वाचायचा असेल तर असा वाच ज्यात माणसांना वर्षानुवर्षं धरून ठेवलंय आणि शेवटी डायबेटीस झाला की नाही हे मोजलंय, एका जेवणाचा ग्राफ नाही. तसा आपल्याकडचाच आहे, चेन्नईचा, डॉ. रामचंद्रन यांच्या टीमचा, २००६ मध्ये आलेला. ५३१ लोक, सगळे बॉर्डरवाले. ज्यांना नेहमीचाच जुजबी सल्ला मिळाला त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत डायबेटीस झाला, ज्यांच्याकडून खाणं आणि चालणं नीट करवून घेतलं त्यांच्यात ३९ टक्क्यांना. करायला काय सांगितलं होतं तर एकूण खाणं जरा कमी, मैदा-साखर आणि तेलतूप कमी, फायबर जास्त, आणि रोज अर्धा तास चाल. आणि गंमत म्हणजे त्या लोकांचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरी फायदा झाला. बारीक माणसाला हे ऐकून बरं वाटतं. अमेरिकेत २००२ मध्ये तीन हजारांवर लोकांचा असाच अभ्यास आला होता, त्यात तर धोका ५८ टक्क्यांनी घटला, पण तिथे वजन उतरवणं हा मोठा भाग होता, म्हणून स्वातीला मी चेन्नईच सांगितलं.

दुसऱ्या भेटीला सगळ्यांना बोलावलं, कारण स्वयंपाक सासूबाईंच्या हातात आणि भाजी आणणं नवऱ्याच्या. भात परत आला, एक वाटी, दुपारी किंवा रात्री एकदाच, पण ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ, भात-आमटी शेवटी. यामागे पण एक अभ्यास आहे, न्यूयॉर्कचा, २०१५ चा, भाजी आणि प्रोटीन आधी खाल्लं की तासाभराने शुगर बरीच कमी चढली, पण तो फक्त ११ डायबेटीसवाल्या लोकांचा होता, तेव्हा त्याची फार आरती करू नका. फुकट आहे, अपाय नाही, म्हणून करायचं. रात्री जेवण झालं की तिघांनी कॉलनीत पंधरा मिनिटं फिरायचं. आठवड्यातून दोनदा घरीच वजन उचलायचा व्यायाम, पाण्याच्या बाटल्या चालतील. सेन्सरची मुदत संपली की नवीन आणायचा नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी हे यंत्र वरदान आहे, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये.

सासूबाई म्हणाल्या मटकीत गूळ घालते मी, चालेल का? म्हटलं चिमूटभर चालेल.

खरी निकड मात्र मुलीची होती, आणि ती नवऱ्याने सांगितली, स्वातीने नाही. पोरीने डब्यातलं केळं परत आणायला सुरुवात केली होती आणि आजीला विचारत होती की थालीपीठाने किती वाढते. चौदा वर्षांची, कसलाही आजार नसलेली मुलगी. मी स्वातीला एवढंच सांगितलं की पोरीसमोर आकडा बोलायचा नाही आणि तिच्याबरोबर बसून तेच जेवायचं. सेन्सर तिने त्याच रात्री काढून टाकला, संपायची वाट बघितली नाही. मी सांगितलेल्या बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा हे जास्त पटकन झालं.

चारेक महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ आणि एचबीएवनसी ५.८. यातलं किती चालण्याने उतरलं आणि किती लोह भरल्यामुळे खरा आकडा दिसायला लागला ते सांगता येत नाही, मी तिलाही तसंच सांगितलं, ती म्हणाली चालेल. कंबर ८२. डबा आता सगळ्यांबरोबर उघडते, मुलगी केळं खाते, कधी खात नाही तर ती आवड म्हणून. दर वर्षी टेस्ट करायची आहे डॉक्टरांच्या सल्ल्याने. बटाट्याला मात्र स्वाती अजून हात लावत नाही, वडापाव तर नाहीच, आणि त्यावर मीपण तिला अजून काही बोललेली नाही.