मेडिकल फिजिक्सच्या इंटर्नना स्वतंत्रपणे काम केव्हा करू द्यावे?

ठाण्यातील आपल्या रुग्णालयात यंदा प्रथमच दोन इंटर्न आले आहेत; रोजचे काम सांभाळून त्यांना कसे शिकवावे आणि स्वतंत्रपणे काम केव्हा करू द्यावे, असा आपला प्रश्न आहे. मी नवी मुंबईत रेडिओथेरपी विभागात मेडिकल फिजिसिस्ट (उपचारातील किरणांची मात्रा मोजणारा भौतिकतज्ज्ञ) आहे आणि गेली काही वर्षे इंटर्नची जबाबदारी माझ्याकडे असते, त्या अनुभवावरून लिहितो.

एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) पात्रता-निकषांनुसार मेडिकल फिजिक्सच्या पदविकेनंतर किमान बारा महिन्यांची इंटर्नशिप आवश्यक असते. हे वर्ष सकाळची तपासणी उरकण्यात आणि फायली भरण्यात सहज संपून जाते. विद्यार्थ्यांना सूत्रे पाठ असतात. कमी पडते ती समोरच्या आकड्याबद्दल शंका घेण्याची सवय. म्हणून लिनॅकचे (किरणोपचाराच्या मशीनचे) आउटपुट, म्हणजे ते देत असलेली किरणांची मात्रा, मोजताना माझा एकच आग्रह असतो: बीम चालू करण्यापूर्वी विद्युतभार मोजणाऱ्या इलेक्ट्रोमीटरवर किती नॅनोकूलोम (विद्युतभाराचे एकक) दिसायला हवेत, हे इंटर्नने स्वतः गणित करून वहीत लिहावे. चेंबरचा (ज्याच्या आतील हवेत बीममुळे विद्युतभार तयार होतो, त्या मापकाचा) कॅलिब्रेशन गुणांक, १०० मॉनिटर युनिट (मशीन किती मात्रा सोडते ते मोजण्याचे एकक), १० सेंटीमीटर खोलीवरील मात्रेचे प्रमाण, पाण्याचे तापमान आणि हवेचा दाब एवढ्यावरून हा अंदाज बांधता येतो. अंदाज आणि मोजमाप यांत फरक आला, की खरे शिक्षण तेथून सुरू होते.

दाबाचेच उदाहरण घ्या. एका इंटर्नने बॅरोमीटर न पाहता मोबाइलवरील हवामानाच्या अ‍ॅपमधला दाब घेतला होता. अ‍ॅप बहुधा समुद्रसपाटीला आणलेला दाब दाखवते. ठाणे किंवा नवी मुंबई समुद्राजवळ असल्यामुळे उत्तर जवळपास बरोबरच आले आणि चूक झाकली गेली. मी त्याला तेच गणित पुण्यासाठी करायला सांगितले. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तेथील प्रत्यक्ष दाब बराच कमी असतो. त्यामुळे अ‍ॅपच्या आकड्याने मात्रा सुमारे ६ टक्के कमी मोजली गेली असती आणि तिच्या आधारे कोणी मशीनचे आउटपुट वाढवले असते, तर प्रत्येक रुग्णाला तेवढी जास्त मात्रा मिळाली असती. हे कागदावर पाहिल्यानंतर त्याने बॅरोमीटर कधीच टाळला नाही. त्या तुलनेत पाण्याच्या तापमानातील एका अंशाची चूक साधारण ०.३ टक्क्यांची असते, पण फँटममध्ये (शरीराऐवजी मोजमापासाठी वापरायच्या पाण्याच्या टाकीत) नळाचे पाणी भरून लगेच मोजण्याची घाई मी तरीही करू देत नाही.

इंटर्नची चूक आपण गुपचूप दुरुस्त करू नये, असे मला फार तळमळीने वाटते. माझ्या स्वतःच्या इंटर्नशिपमध्ये वरिष्ठ माझे आकडे न सांगता बदलत असत; काम वेळेत होई, परंतु माझे काय चुकले होते हे मला वर्षअखेरपर्यंत कळले नाही. गडबडीच्या दिवशी निदान वहीत खूण करून ठेवावी आणि संध्याकाळी मशीन मोकळे झाल्यावर पंधरा मिनिटे एकत्र बसावे.

स्वतंत्र काम देण्यासाठी मी महिने मोजत नाही. दैनंदिन आउटपुट ३ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेले, तर इंटर्न काय करतो ते पाहतो. जो रुग्णांना थांबवून लगेच कळवतो, चेंबरची जागा, फील्डचा (बीमच्या क्षेत्राचा) आकार, दाब आणि तापमान पुन्हा तपासतो आणि मशीनच्या आउटपुटला हात लावत नाही, त्याच्याकडे दैनंदिन तपासणी मी निर्धास्तपणे सोपवतो. रुग्णाच्या उपचाराचे प्लॅनिंग त्यानंतर द्यावे. अहवालावरील अंतिम सही मात्र वर्षभर आपलीच असावी, आणि टीएलडी बॅज (स्वतःला किती किरण लागले ते नोंदवणारा बिल्ला) पहिल्या दिवसापासून त्यांच्या छातीवर असावा.

आपल्याकडे दोघे आहेत, याचा चांगला उपयोग होईल. एकाच संध्याकाळी दोघांना फँटमची मांडणी पहिल्यापासून वेगवेगळी करायला लावा आणि एकमेकांची वही पाहू देऊ नका. दोघांच्या आकड्यांत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक आला, तर कारण सापडेपर्यंत त्यांनीच ते शोधावे. आपण खोलीत असावे, पण उत्तर सांगू नये.