मेथड ‘स्टब केला’ की ‘स्टब केली’?

प्रश्न असा आहे की ऑटोमेटेड टेस्ट (कोड नीट चालतो का ते आपोआप तपासणारा कोड) लिहिताना मेथड, म्हणजे प्रोग्राममधला एकेक काम करणारा कोडचा तुकडा, स्टब करतात, म्हणजे टेस्टपुरती तिच्या जागी ठरलेलं उत्तर देणारी मेथड बसवतात, त्याला मराठीत काय म्हणायचं, आणि ‘मेथड स्टब केला’ बरोबर की ‘केली’.

सोपं आधी. नाम म्हणून स्टब पुल्लिंगी, ‘त्या मेथडचा स्टब लिहिला’. पण ‘स्टब करणे’ असं क्रियापद वापरलं की कर्म मेथड असते आणि मेथड आपण स्त्रीलिंगीच बोलतो, म्हणून ‘मेथड स्टब केली’, तसंच ‘फंक्शन स्टब केलं’. ‘मेथडला स्टब केलं’ हेही ऐकू येतं, ते चूक नाहीये, ‘ला’ लागला की क्रियापद नपुंसकलिंगी होतंच, पण निर्जीव कर्माला ‘ला’ कशाला चिकटवायचा, मला तरी ‘मेथड स्टब केली’ हेच जास्त मराठी वाटतं.

आता अर्थ. समजा तुमचा कोड आजची तारीख विचारतो आणि लीप वर्षात नीट चालतो का ते बघायचंय, तर २९ फेब्रुवारीची वाट कोण बघत बसणार, म्हणून टेस्टपुरती तारीख देणारी मेथड बाजूला काढून तिच्या जागी कायम ‘२९ फेब्रुवारी २०२४’ असंच सांगणारी मेथड बसवायची. हा स्टब. खऱ्या मेथडमधलं काहीच चालत नाही, फक्त ठरवून दिलेलं उत्तर परत येतं.

याला बरेच जण सरसकट ‘मॉक केलं’ म्हणतात आणि इथे मात्र माझा आग्रह आहे की फरक ठेवा. जेरार्ड मेसारोस यांनी टेस्टिंगवरच्या २००७ च्या पुस्तकात अशा सगळ्या बदली वस्तूंना टेस्ट डबल म्हटलं आणि त्यात डमी, स्टब, स्पाय, मॉक, फेक असे प्रकार केले. स्टब तुमच्या कोडला उत्तर पुरवतो, मॉक तुमच्या कोडने कोणाला काय सांगितलं ते तपासतो, म्हणजे ईमेल पाठवायची मेथड एकदाच आणि योग्य पत्त्यासाठी बोलावली का, हे मॉकचं काम. आरस्पेकमध्ये, म्हणजे रुबी भाषेत टेस्ट लिहायच्या साधनात, तर हा फरक लिहितानाच दिसतो, स्टबला ‘अलाउ’ आणि मॉकला ‘एक्स्पेक्ट’.

मराठी प्रतिशब्द म्हणाल तर ‘डमी’ नको, तो वरच्या यादीत वेगळाच प्रकार आहे, नुसता जागा भरायला दिलेला, कधी वापरलाही न जाणारा. ‘तोतया’ मला फार आवडतो पण तोतया अख्खं सोंग वठवतो, त्यामुळे तो वरच्या यादीतल्या ‘फेक’ला शोभेल, जसा खऱ्या डेटाबेसऐवजी मेमरीत चालणारा डेटाबेस. शब्दशः ‘थोटूक’ होईल, पण ते ऐकून सिगारेटच आठवते. मी ‘स्टब’च ठेवेन, आणि नवख्या माणसाला समजावताना ‘ठरीव उत्तराची मेथड’ म्हणेन.