कॅप्टनला काय विचारतात ते लिही

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पटकथेच्या खर्ड्यातली मालवणची कॅप्टन मला आवडली. सिग्नल्समधली, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागातली आहे, हेही बरं केलंस. सिनेमातल्या बायकांना गणवेश मिळतो, पण त्या नेमकं काय काम करतात ते कोणी दाखवत नाही. तुझी बाई निदान बिघडलेली लाइन शोधते, जवानांवर खेकसते, जेवायला उशिरा पोचते. खटकला तो शेवट. सैनिकी न्यायालयात उभी राहून ती मैत्रिणीवरच्या आपल्या प्रेमाबद्दल लांबलचक भाषण करते. इतका वेळ जी दोन शब्दांत हुकूम देत होती, तिला हे वक्तृत्व कुठून आलं?

‘सर्व्हिंग इन सायलेन्स’ पाहूनच हे सुचलं, असं तू लिहिलंयस. मग तो परत पाहा, आणि या वेळी मुलाखतीचा प्रसंग नीट बघ. 1995 चा हा टीव्हीसाठी केलेला चित्रपट कर्नल मार्गारेथे कॅमरमायर यांच्या खऱ्या आयुष्यावर आहे. त्या अमेरिकी लष्करातल्या परिचारिका, व्हिएतनामच्या युद्धात काम करून ब्राँझ स्टार मिळवलेल्या, चार मुलग्यांच्या आई. 1989 मध्ये वरच्या प्रशिक्षणाला जायचं म्हणून सुरक्षा मंजुरीची मुलाखत झाली. नेहमीचीच चौकशी. त्यात प्रश्न आला आणि त्यांनी सरळ सांगितलं की मी लेस्बियन आहे. 1992 मध्ये सेवेतून काढलं, 1994 मध्ये न्यायालयाच्या निकालाने परत घेतलं. ग्लेन क्लोजने ती भूमिका किती कमी आवाजात केलीय बघ. या बाईला कोणी चोरून पकडलं नव्हतं. तिने बंडही केलं नव्हतं. चौकशीत खोटं बोलायचं नाही, ही तिची शिस्त, आणि त्या शिस्तीनेच तिची नोकरी गेली. कोर्टकचेरी हा त्या गोष्टीचा उत्तरार्ध. गाभा एका कचेरीत, टेबलापाशी घडतो.

पण तो प्रसंग जसाच्या तसा उचलून इथे लावू नकोस. तिकडचा कायदा वेगळा होता. समलिंगी सैनिकांबाबतचं ‘विचारू नका, सांगू नका’ हे धोरणही तिकडचंच, आणि ते 2011 मध्ये गेलं. आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. चारच महिन्यांनी, जानेवारी 2019 मध्ये, तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत म्हणाले की हे लष्करात चालू देणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 33 प्रमाणे सैनिकांच्या मूलभूत हक्कांना संसद मुरड घालू शकते, आणि 1950 च्या लष्कर कायद्यातली 45 आणि 46 ही कलमं, अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन आणि लाजिरवाणं वर्तन, अजून आहेत. म्हणजे तुझी कॅप्टन घरी सुट्टीवर असताना गुन्हेगार नाही, पण ती सुट्टीवरसुद्धा लष्कराचीच असते. हा पेच तुझ्या खर्ड्यात कुठेच नाही. मला तर तोच सगळ्यात जास्त नाट्यमय वाटतो.

मग आपल्याकडे तो प्रश्न कोण विचारतं? कागद विचारतात. आपल्यामागे पैसे कोणाला, फॅमिली क्वार्टर कोणासाठी, अपघात झाला तर पहिला फोन कुठे करायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2023 च्या निकालानंतरही समलिंगी लग्नाला कायद्याची मान्यता नाही, त्यामुळे जोडीदाराच्या रकान्यात ती काही लिहू शकत नाही. ती तिथे आईचं नाव घालते. एवढंच दाखव, संवाद नको.

आणि आपलं गाव विचारतं. चतुर्थीला ती रजा घेऊन येते, सगळे चाकरमानी जमलेत, आणि मोठे काका गणपतीपुढे गाऱ्हाणं घालतात: ‘ह्या चेडवाक यंदा चांगलो घोव गावांदे, तिचो संसार सुखाचो होवंदे रे म्हाराजा!’ सगळं घर एका सुरात ‘व्हय म्हाराजा!’ ती काय करेल? वरिष्ठांशी कधी खोटं न बोललेली बाई देवापुढे हो म्हणेल? की ओठ मिटून घेईल, आणि आजीच्या ते लक्षात येईल? मालवणात वाढलेल्या तुला हा प्रसंग सुचू नये, याचं मला खरंच नवल वाटलं. काका वाईट नकोत हं. ते तिच्या भल्याचंच मागतायत.

परवानगीचं विचारलं होतंस. 2020 पासून सैन्यावरच्या चित्रपटाला संरक्षण मंत्रालयाचं ना-हरकत पत्र घ्यावं, असा आग्रह आहे. 2022 मध्ये दिग्दर्शक ओनीर यांच्या समलिंगी मेजरच्या पटकथेला ते नाकारलं गेलं. तेव्हा अडचण खरी आहे. पण म्हणून आत्तापासून तिला बँकेत नोकरीला लावू नकोस. आधी पूर्ण लिही. नंतर एकांकिका कर, कथा कर, बघू. मात्र महाडजवळच्या फौजी आंबवड्याला एकदा जाऊन ये. पहिल्या महायुद्धापासून घरोघरी सैन्यात गेलेल्यांचं ते गाव आहे. तिथल्या म्हाताऱ्या बायकांपाशी बस. रजा, पेन्शन आणि तार यांबद्दल त्या जे बोलतील ते तुला कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. विषय काय आहे ते लगेच सांगायची गरज नाही, विचारलं तर लपवू मात्र नकोस.

आता ती दुसरी बाई. कॅप्टनची मैत्रीण तुझ्या खर्ड्यात फक्त फोनवर रडते आणि स्टेशनवर वाट बघते. तिला आडनाव नाही, पगार नाही, रागसुद्धा नाही. जिचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही, तिला राग येणार नाही का? तिला कुडाळात एखादं काम दे, भांडायला एक कारण दे, आणि मग खर्डा पाठव. मे महिन्यात नको, आमच्याकडे आंब्याच्या पेट्या भरायची गडबड असते.

तुझी,
मावशी