सुपर मारिओ ६४ डीकॉम्प: बिल्डआधी एवढं बघ

डीकॉम्प म्हणजे तयार गेमवरून उलट काढलेला सोर्स कोड, आणि बिल्ड म्हणजे त्यातून परत गेमची फाइल बनवणं. विंडोजवर असशील तर आधी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) उबुंटू टाक. रेपो (कोडचं फोल्डर) सी ड्राइव्हवर नको, लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच क्लोन कर, म्हणजे उतरवून घे, नाहीतर बिल्ड रडतखडत चालेल. लागणारी पॅकेजेस रेपोतल्या रीडमी फाइलमध्ये दिलीत, ती निमूट टाक.

खरी गोम रॉममध्ये, म्हणजे कार्ट्रिजमधल्या गेमच्या फाइलमध्ये आहे. चित्रं-आवाज रेपोत नसतात, तुझ्या स्वतःच्या कार्ट्रिजच्या रॉममधून काढले जातात. रॉम हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट्स दाखवणारं टूल) उघड; सुरुवातीला ८० ३७ १२ ४० दिसलं तर ठीक. ३७ ८० ४० १२ असेल तर बाइट्सची अदलाबदल झालीय. नुसतं एक्स्टेन्शन बदलून भागत नाही (सगळे आधी तेच करतात), फाइल रीतसर कन्व्हर्ट कर.

मग मेक (बिल्ड करणारी कमांड) चालव. शेवटी 'ओके' आलं म्हणजे बनलेली फाइल मूळ रॉमशी बाइट न् बाइट जुळली. तोवर कोडला हात लावू नकोस. नंतर बदल केलेस की चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळणारच नाही, तेव्हा मेक कंपेअर शून्य (COMPARE=0) देऊन चालव.