परदेशी विद्यापीठं आपली भागीदार आहेत की स्पर्धक?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या तुमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर परदेशी विद्यापीठांशी केलेल्या करारांची लांबलचक यादी आहे, आणि दुसरीकडे परदेशी विद्यापीठं नवी मुंबईत स्वतःच कॅम्पस काढायला निघाली आहेत. मग खरं काय, सहकार्य की स्पर्धा?

मी जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात काम करते. भाषणं कोणाचीही ऐका, सगळीकडे सहकार्यच असतं. मी मात्र एकच गोष्ट बघते, विद्यार्थ्याची फी कोणाच्या खात्यात जाते.

देवाणघेवाणीच्या करारात विद्यार्थी फी आपल्याच विद्यापीठात भरतो आणि यजमान त्याला फुकट शिकवतो. युरोपातली इरॅस्मस योजना याच तत्त्वावर चालते. १९८७ साली ११ देश आणि ३,२४४ विद्यार्थी घेऊन ती सुरू झाली. इथे स्पर्धेला फारसा वाव नाही, कारण मिळवायला पैसाच नाही. पण हिशोब असतोच. तुमचे जितके आले, तितके आमचे गेले पाहिजेत. पुण्याहून इकडे यायला सगळे तयार, इथून पुण्याला जायला फार थोडे. त्यात जर्मनीतला हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतो, तेव्हा तुमच्याकडे निम्मा सेमिस्टर उरकलेला असतो. असा एकतर्फी झालेला करार कोणी रद्द करत नाही. मुदत संपते, नूतनीकरणाचं पत्र कोणी पाठवत नाही, आणि वेबसाइटवरचा लोगो मात्र तसाच राहतो.

पूर्ण पदवीचा विद्यार्थी म्हटला की चित्र पालटतं. ब्रिटनचं उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांच्या फीवर सरकारी मर्यादा आहे. २०१७ पासून बरीच वर्षं ती ९,२५० पौंडांवर अडकली होती आणि खर्च तर वाढतच होता. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीला अशी मर्यादा नाही. म्हणून तिथली अनेक विद्यापीठं तुमच्यासारख्यांना शोधत डेक्कनवरच्या कन्सल्टन्सीपर्यंत पोचतात आणि एजंटला दर प्रवेशामागे कमिशन देतात. याला कोणी सहकार्य म्हटलं तर खुशाल हसा.

जर्मनीचं गणित वेगळं आहे, पण आम्ही काही संत नाही. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठात शिक्षणशुल्क नाही. इथली ओढाताण फीसाठी नसून माणसांसाठी आहे. देशाला इंजिनिअर हवेत, म्हणून पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यानं मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लावले. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४ पासून त्याहून जास्त फी सुरू केली. तेव्हा ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य आता जरा जपून वापरा.

आता भारताकडे. इथे मला सगळ्यात मजेशीर वाटतो तो यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०२२ चा नियम. संयुक्त किंवा दुहेरी पदवीसाठी परदेशी विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या १,००० मध्ये हवं, आणि आपल्या संस्थेला नॅकचे (कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था) चारपैकी किमान ३.०१ गुण, एनआयआरएफमध्ये (सरकारची संस्थांची क्रमवारी) पहिल्या शंभरातलं स्थान किंवा सरकारचा ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ हा दर्जा हवा. म्हणजे कोणाशी हात मिळवायचा हे ठरतं ते स्पर्धेच्या गुणतक्त्यावरून. गावाकडची स्थळं पत्रिका बघून ठरतात, तसंच हे. ज्या छोट्या कॉलेजांना भागीदाराची खरी गरज आहे, ती दारातच अडतात. मला हा नियम पटत नाही.

नवी मुंबईत तर सरळ बाजारच आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनी परदेशी विद्यापीठांना फी ठरवण्याची मोकळीक दिली आणि फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या चौकटीत पैसा मायदेशी नेण्याची मुभाही दिली. जून २०२५ मध्ये यॉर्क, ॲबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीतली एक डिझाइन संस्था अशा पाच जणांना इरादापत्रं, म्हणजे कॅम्पससाठी प्राथमिक होकाराची पत्रं, मिळाली. ही विद्यापीठं पुण्या-मुंबईच्या खाजगी विद्यापीठांशी थेट टक्कर घेतील. तुमच्या परवडणाऱ्या अनुदानित कॉलेजला विद्यार्थ्यांपेक्षा प्राध्यापक गमावण्याची भीती जास्त, असा माझा अंदाज.

सहकार्य आणि स्पर्धा या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली बघायच्या असतील तर इरॅस्मस मुंडस बघा. किमान तीन देशांतली विद्यापीठं मिळून एक मास्टर्स चालवतात, निवडलेल्यांना महिना १,४०० युरो शिष्यवृत्ती मिळते. प्रवेशाच्या बैठकीत सगळे गोडीगुलाबीनं वागतात. तोच हुशार विद्यार्थी पीएचडीला कोणाकडे जाणार म्हटलं की प्रत्येक प्राध्यापक त्याला वेगळं गाठून चहाला नेतो.

तुमच्या कॉलेजच्या यादीबद्दल: किती करार आहेत हे विचारू नका. परीक्षा विभागात जा आणि गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर सेमिस्टर केलेल्यांचे क्रेडिट (विषय पूर्ण केल्याचे श्रेयांक) तुमच्याकडच्या गुणपत्रिकेवर चढले का, ते विचारा. घोडं बहुतेक तिथेच अडतं. आपल्याकडे क्रेडिट तासिका मोजून ठरतं, युरोपात घरच्या अभ्यासासकट २५ ते ३० तासांचं एक क्रेडिट होतं. रूपांतराचा तक्ता करारासोबत जोडलेला नसेल, तर मुलं परत येऊन तेच पेपर पुन्हा देतात. तक्ता असेल, तर अर्ज करून टाका. जागा बहुतेक दोन-तीनच असतात आणि चौकशी करणारे त्याहून फार नसतात.