वाचकांचे प्रश्न : सिंधमधून आलेल्या कुटुंबाला रेशन, निराधार, शाळा, दवाखाना यांतलं काय मिळतं?

प्रश्न : जळगावात सिंधी कॉलनीजवळ आमची एक जागा पाकिस्तानातून आलेल्या हिंदू कुटुंबाला भाड्याने दिली आहे. नवरा-बायको, सत्तरीची आई, दोन मुलं. दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे, आधारही निघालं आहे. मी घरमालक म्हणून संमतीपत्र दिलं तर त्यांचं रेशनकार्ड निघेल का? एक एजंट आठ हजारांत काढून देतो म्हणतो. आजींना निराधारचे पैसे मिळतील का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : आधी त्या एजंटाला वाटेला लावा. रेशनकार्ड भारतीय नागरिकालाच मिळतं. दीर्घ मुदतीचा व्हिसा, म्हणजे सगळे ज्याला एलटीव्ही म्हणतात तो, ही फक्त राहण्याची परवानगी आहे. आधारवरून सगळ्यांची गल्लत होते. गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या कोणालाही आधार मिळू शकतं. आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही, असं आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलं आहे. शिवाय परदेशी रहिवाशाच्या आधारची मुदत एलटीव्हीबरोबर संपते. एलटीव्ही वाढवून घेतला आणि आधार अद्ययावत करायचं राहिलं, की बँकेत आणि शाळेत अडतं.

एजंट कार्ड काढून देतो म्हणजे कुठल्या तरी कागदावर या माणसांना भारतीय दाखवतो. पुढे नागरिकत्वाच्या अर्जाची पोलीस चौकशी होते तेव्हा ते कार्ड उघडं पडतं. नागरिकत्व कायद्याच्या कलम १७ प्रमाणे अर्जात खोटी माहिती देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. महिन्याच्या पंचवीस किलो धान्यासाठी एवढी जोखीम घेऊ नये. आणि ते पंचवीस किलोही नक्की नाहीत. नागरिकांनासुद्धा केशरी कार्ड हातात आलं म्हणून धान्य सुरू होत नाही. त्यासाठी प्राधान्य कुटुंबाच्या यादीत नाव लागतं. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार आणि गावात ४४ हजार, वर तालुक्याच्या इष्टांकात, म्हणजे ठरवून दिलेल्या लाभार्थीसंख्येत, जागा हवी. मग माणशी पाच किलो.

आजींचं वय बसतं, पण बाकीचं बसत नाही. ६५ वर्षांपुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे, त्याखालच्यांसाठी संजय गांधी निराधार. दोन्हींना उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत लागतं आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. तहसीलच्या खिडकीवर अर्ज परत येतो तो बहुधा या पंधरा वर्षांवरच. ‘पुढच्या वर्षी बघू’ असं कोणी सांगितलं तर आजींना आशेवर ठेवू नका.

आजच्या आज मिळण्यासारखं मात्र बरंच आहे. मुलं सहा वर्षांखालची असतील तर अंगणवाडी, सहा ते चौदाची असतील तर शाळा आणि शाळेतलं दुपारचं जेवण. सुनेला दिवस गेले असतील तर गरोदरपणातला आहार आणि सरकारी दवाखान्यात मोफत बाळंतपण. अन्न सुरक्षा कायदा रेशनबद्दल बोलताना ‘प्राधान्य कुटुंब’ म्हणतो, पण गरोदर बाई आणि मुलांबद्दल बोलताना ‘प्रत्येक’ म्हणतो. अंगणवाडीत कोणी रेशनकार्ड मागितलं तर एवढा एक शब्द लक्षात असू द्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. जळगाव शहरातलं जुनं सिव्हिल आता वैद्यकीय महाविद्यालयाकडे आहे आणि हा निर्णय आरोग्य खात्याच्या दवाखान्यांपुरता आहे. त्यामुळे तिथे नाममात्र शुल्क लागलं तर वाद घालू नका. महात्मा फुले योजनेची मोठी शस्त्रक्रिया रेशनकार्ड किंवा अधिवास दाखल्यावर चालते. ते दार सध्या बंद आहे.

कमावत्या माणसाला एलटीव्हीवर स्वतःचा धंदा करता येतो, पॅन आणि वाहन परवाना काढता येतो, राहायला एक घर आणि धंद्याला एक जागा विकत घेता येते. बँकेत एकच खातं मिळतं, तेही एनआरओ, म्हणजे अनिवासी प्रकारचं. शाखेतला माणूस ‘एनआरओ तर दुबईवाल्यांचं’ म्हणून हाकलतो. त्याला रिझर्व्ह बँकेची एलटीव्हीधारकांची तरतूद दाखवायला सांगा. खातं उघडताना अडतं ते नावावर. पाकिस्तानी पासपोर्टवर बऱ्याचदा आडनाव नसतं, स्वतःचं नाव आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. आधार केंद्रातला ऑपरेटर आपल्या सवयीने पुढे आडनाव टाकतो. तिथून एलटीव्ही, आधार, पॅन या तिघांवर तीन नावं होतात. एलटीव्हीवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर टाकायला लावा आणि पावती घेण्याआधी स्क्रीन वाचून बघा.

तुमचं स्वतःचं एक काम उरतं. परदेशी नागरिक राहायला आला की २४ तासांत ऑनलाइन कळवायची जबाबदारी घरमालकाची आहे. पोलीस अजून त्याला फॉर्म सीच म्हणतात. ते झालं नसेल तर आधी एसपी ऑफिसच्या परकीय नागरिक शाखेत जा. भाडेकरार नोंदणीकृत करा, मुदतवाढीच्या अर्जाला तो लागतो.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत अशा कुटुंबाची दोन मुलं आली आहेत. शाळा सोडल्याचा दाखला नाही. एक कागद सिंधीत आहे, तो कोणाला वाचता येत नाही. धाकटीचा जन्म भुसावळचा आहे, ती तरी भारतीय ना? – एक शिक्षिका, भुसावळ तालुका

उत्तर : प्रवेश द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये ‘बालक’ म्हणजे सहा ते चौदा वयाचं मूल, त्यात नागरिकत्वाची अट नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, पालकांचं लेखी निवेदन चालतं. वर्ग वयाप्रमाणे द्यायचा. बारा वर्षांच्या मुलाला मराठी येत नाही म्हणून पहिलीत बसवू नका. त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. सिंधी कागदाची झेरॉक्स फाइलला लावून ठेवा, फेकू नका. नागरिकत्वाच्या अर्जात तिथला शालेय दाखला मूळ देशाचा पुरावा म्हणून चालतो.

धाकटी मात्र जन्माने भारतीय नाही. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलाचे आईबाप दोघे भारतीय असावे लागतात, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा लागतो. जन्मदाखला भुसावळ नगरपालिकेचा असला तरी आईवडिलांसारखाच तिच्या नावाचाही एलटीव्ही हवा. नेमकं हेच घरोघर राहून जातं आणि दहावीच्या वेळी आठवतं.

प्रश्न : माझी बायको पाकिस्तानातली, माझ्याशी लग्न होऊन आली. मी अमळनेरचा, जन्माने भारतीय. तिला लाडकी बहीणचे दीड हजार नवऱ्याच्या कागदांवर मिळतात असं सेतूवाला म्हणाला. – एक वाचक, अमळनेर

उत्तर : सेतूवाल्याने निर्णय अर्धाच वाचला. नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास चालतो तो *परराज्यात* जन्मलेल्या बाईसाठी. परदेशातल्या नाही. तिने आधी नागरिकत्व घ्यायला हवं. भारतीयाशी लग्न झालेल्या व्यक्तीला नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली नोंदणीने नागरिकत्व मिळतं, अट सात वर्षांच्या वास्तव्याची. तिच्याकडे वैध व्हिसा असेल तर तुमची मुलं मात्र भारतीय आहेत. त्यांची नावं जन्मदाखल्यावर तुमच्या रेशनकार्डात आजच चढवा, बायकोचं चढवू नका.

प्रश्न : आम्ही २०१७ साली आलो. सीएएची तारीख आता २०२४ झाली म्हणतात. मग अर्ज करायचा का? – एक कुटुंब, धुळे

उत्तर : तारीख झालेली नाही. सीएए, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायदा, त्यासाठी ३१ डिसेंबर २०१४ किंवा त्याआधीच आलेलं असावं लागतं. ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख २०२५ च्या वेगळ्या आदेशातली आहे. त्यात कागदपत्रांविना किंवा मुदत संपून राहिलेल्यांवर कारवाई होऊ नये एवढंच आहे, नागरिकत्व नाही.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. तुमचा किंवा तुमच्या आईवडिलांपैकी एकाचा जन्म अखंड भारतातला असेल तर सात वर्षांनी नोंदणी. १९४७ च्या आधी जन्मलेले आईबाप आता थोड्याच घरांत आहेत, त्यामुळे तरुणांना दुसराच रस्ता उरतो, बारा वर्षांच्या वास्तव्यानंतर देशीयकरण, म्हणजे वास्तव्यावरून मिळणारं नागरिकत्व. त्यात राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भाषा यावी लागते. सिंधी १९६७ पासून त्या यादीत आहे, म्हणजे ही परीक्षा तुम्ही घरीच पास झालात.

तुमच्या नात्यात कोणी २०१४ संपण्यापूर्वी आलेलं असेल तर त्यांचा अर्ज ऑनलाइन होतो आणि छाननी जिल्हा समितीकडे जाते. समितीचे प्रमुख पोस्टाचे अधीक्षक असतात, त्यामुळे कलेक्टर कचेरीत खेटे घालू नका. मुदत संपलेला पासपोर्टही चालतो. भारतात आल्याच्या पुराव्यांच्या यादीत रेशनकार्डही आहे. पण ते त्या काळातलं जुनं कार्ड, एजंटाकडून आता काढलेलं नव्हे. प्रमाणपत्र मिळालं की नागरिकत्व भारतात आल्याच्या तारखेपासून धरलं जातं. मग रेशनकार्ड आणि मतदार यादी, दोन्ही अर्ज एकदमच टाका.

प्रश्न : रावेरहून बऱ्हाणपूरला साखरपुड्याला जायचं आहे. एलटीव्ही आहे. परवानगी लागते का? – एक वाचक, रावेर

उत्तर : लागते. एलटीव्हीवर महाराष्ट्रभर फिरता येतं, नाशिक-पुण्याला कोणाला विचारायचं नाही. बऱ्हाणपूर हाकेवर असलं तरी मध्य प्रदेशात आहे. सुरतचंही तेच. एसपी ऑफिसला आधी अर्ज द्या, आणि मंजुरीची प्रत मूळ एलटीव्हीबरोबर जवळ ठेवा.