मैत्रीभावना करताना भावाचा चेहरा समोर आला, तर?

प्रश्न : इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे शिबिर करून आल्यापासून मी रोज विपश्यनेला बसतो आणि शेवटी मैत्रीभावना, म्हणजे सर्वांचे मंगल चिंतण्याचे ध्यान, करतो. थोरल्या भावाशी वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा चालू आहे. ‘त्याचे मंगल होवो’ असे म्हणताच सातबाऱ्यावरची नोंद आठवते आणि मन पेटते. हे ढोंगच नव्हे का? करुणा बाळगायची, तर दावा मागे घ्यावा का?
– एक वाचक, जि. नाशिक

उत्तर : ढोंग नव्हे, आपण शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली आहे, एवढेच. पाचव्या शतकात श्रीलंकेत आचार्य बुद्धघोषांनी रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात मैत्रीभावनेचा क्रम काटेकोरपणे दिला आहे : प्रथम स्वतः, मग आदरणीय आचार्य, मग जिवलग मित्र, त्यानंतर ज्याच्याशी ना स्नेह ना वैर असा मनुष्य, आणि सर्वांत शेवटी वैरी. दिवंगत व्यक्तीला या भावनेचा विषय करू नये, असेही त्यात बजावले आहे. वडिलांची मूर्ती डोळ्यांसमोर आणून भावाला क्षमा करू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वैऱ्यापाशी पोहोचताच संताप उसळला, तर मागे फिरून आधीच्या व्यक्तींवर पुन्हा पुन्हा मन स्थिर करावे, अशी तिथे स्पष्ट सूचना आहे. माझ्या मते आपण सध्या तटस्थ व्यक्तीपाशीच थांबावे. सकाळी दारात दूध ठेवून जाणाऱ्या माणसाचे आपल्यावर उपकार नाहीत आणि त्याच्याशी भांडणही नाही, म्हणून त्याचे भले चिंतताना मनाला कसलाही हिशेब मांडावा लागत नाही. तरीही बहुतेक साधक ही पायरी घाईघाईने ओलांडतात.

दाव्याविषयी माझे मत निःसंदिग्ध आहे : तो मागे घेण्याचे कारण नाही. जे दिलेले नाही ते घेऊ नये, हे पंचशीलातील दुसरे शील भावालाही लागू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1956 साली नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि तिच्याआधी समता स्थापन करण्याचा प्रयत्न करण्याचीही आहे. न्याय्य वाटा मागणे करुणेच्या आड येत नाही. कोर्टाच्या आवारात चहा पिताना भावाच्या बायकामुलांविषयी जे बोलले जाते, ते मात्र येते. तेवढे आजच थांबवता येईल.

एवढे करूनही राग शमला नाही, तर बुद्धघोष अगदी व्यवहारी उपाय सांगतात : ज्याच्यावर राग आहे त्याला काहीतरी द्यावे. श्रीलंकेतील चित्तलपब्बत विहारात एका भिक्षूला एका स्थविराने (ज्येष्ठ भिक्षूने) तीनदा निवासातून उठवले होते. त्या भिक्षूने उपासिका असलेल्या आपल्या आईने दिलेले, आठ कहापण (त्या काळचे नाणे) किमतीचे भिक्षापात्र त्याच स्थविराला अर्पण केले, अशी हकीकत त्यांनी नोंदवली आहे. आपल्याला एवढे मौल्यवान काही देण्याची गरज नाही. दिवाळीला पुतण्यांसाठी फराळाचा डबा पाठवला तरी पुरे. वादातल्या जमिनीतली द्राक्षे मात्र पाठवू नयेत. त्यांचा अर्थ दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीने लावतील.